थिअरीची असाइनमेंट: आधी काकू, मग क्रिस्टन स्वॅन्सन

नर्सिंगच्या मुलींची असाइनमेंट तपासायला घेतली की पहिली तीन पानं सिद्धान्त मांडणाऱ्या बाईंच्या चरित्राची, आणि पेशंट शेवटच्या पानावर उरकलेला. मी उलटं करायला लावते. एक पेशंट निवडा, त्यातला एकच प्रसंग निवडा. थिअरी नंतर.

नर्सिंगच्या सिद्धान्तकार जीन वॉटसन यांचे काळजीचे दहा घटक पाठ करण्यातच निम्मा दम जातो, म्हणून मी दुसऱ्या सिद्धान्तकार क्रिस्टन स्वॅन्सन सुचवते. गर्भपात झालेल्या स्त्रिया, नवजात अतिदक्षता विभाग आणि जोखमीच्या माता यांच्या अभ्यासातून त्यांनी 1991 मध्ये काळजीच्या पाच प्रक्रिया मांडल्या. या पाचही प्रक्रिया वॉर्डात रोज दिसतात; त्यांचा एकेक रकाना करून प्रसंग लिहायचा.

माझ्या वॉर्डात एक पेशंट काकू होत्या. आतड्याचं ऑपरेशन, पोटावर कोलोस्टॉमीची, म्हणजे शौच जमा होण्याची पिशवी. केस पेपरवर 'भूक कमी'. पिशवी रिकामी करता करता मी विचारलं, "काकू, जेवण का जात नाही?"

"जातंय की सिस्टर. पण खाल्लं की ही भरते, आणि चारला जावई येतात."

भूक शाबूत होती, लाज आड येत होती. हा सवाल-जबाब म्हणजे 'जाणून घेणं'. तो जसाच्या तसा लिहा. 'रुग्णाचे समुपदेशन केले' असलं वाक्य मी खोडते.

'सोबत असणं' लिहिताना कुणी काय पाहिलं ते लिहा. पडदा ओढलेला होता आणि काकूंची नजर पिशवीवर नव्हतीच, माझ्या तोंडाकडे होती: नाक मुरडते का ते बघत होत्या. 'त्यांच्यासाठी करणं' सोपं: पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी, आणि भेटीच्या वेळेआधी एकदा नक्की.

खरी जागा 'सक्षम करण्या'ला द्या. इथे तुमचं कसब दिसतं. स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, हात लावला तरी दुखत नाही, हे आधी पटवावं लागतं. मग मापाच्या कार्डावर स्टोमाचं माप, पिशवीच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं, भोवतालची कातडी कोरडी. सून भोक कापायची, काकू पिशवी चिकटवायच्या. सूज उतरते तसा स्टोमा लहान होतो, म्हणून सुरुवातीचे आठवडे माप पुन्हा घ्यायचं, हेही सुनेला सांगितलं.

'विश्वास टिकवणं' याखाली सगळ्या 'धीर दिला' लिहितात. कसला धीर? काकूंनी विचारलं होतं, "लुगडं नेसता येईल ना?" तेव्हा गाठ पिशवीवर आवळणार नाही अशी कुठे घ्यायची, ते नेसूनच पाहिलं. एवढं लिहिलंत तरी पुरे.

एखादी प्रक्रिया तुमच्या प्रसंगात नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि कारण द्या. ओढूनताणून भरलेलं लगेच कळतं. नाव, गाव, नोंदणी क्रमांक गाळा. मूल्यमापनात 'रुग्ण समाधानी' नको. दुपारचं ताट किती संपलं ते इनटेक चार्टवरून (खाण्यापिण्याच्या नोंदीवरून) उतरवा.