कामोंइशचा माग: पणजीतल्या टाइल्स आणि लिस्बनचं माफीपत्र

लुईश द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या प्रवासाचा अभ्यास गोव्यात बसून करायचा असेल, तर पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये आधी जा. प्रवेशदालनातल्या निळ्या अझुलेजो टाइल्सवर त्याच्या ‘उश लुझिआदश’ या महाकाव्यातले प्रसंग आहेत. देखणं काम. पण जोर्ज कुलासोने ते केलं १९३५ मध्ये, कवी जाऊन साडेतीनशे वर्षं उलटल्यावर. सत्तेला आपला कवी कसा मिरवायचा होता, एवढंच त्यातून कळतं. म्हणून चित्र पाहताना मी वहीत दोन साल टिपते: प्रसंगाचं आणि चित्राचं. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातला त्याचा ब्राँझचा पुतळा तर १९६० चा, मुक्तीच्या जेमतेम वर्षभर आधीचा!

कागद जास्त बोलके आहेत. राजाच्या सेवकाला मारामारीत जखमी केल्याबद्दल कामोंइश तुरुंगात होता. मार्च १५५३ मध्ये त्याला माफी मिळाली आणि तो भारतात चाकरीला निघालाय, हे त्या माफीपत्रातच नमूद आहे. ते पत्र लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या दप्तरखान्यातलं. खुद्द गोव्यात छापलेला पुरावा हवा, तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं १५६३ चं औषधींवरचं पुस्तक बघा. ओर्तावर मर्जी असावी म्हणून व्हाइसरॉयला घातलेली कामोंइशची पद्यमय गळ त्यात आहे.

परतीच्या वाटेवर, मोझांबिकमध्ये, तो मित्रांच्या जिवावर दिवस काढत होता, असं पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कोउतो लिहितो. हाच कोउतो १५९५ मध्ये गोव्याच्या दप्तरखान्याचा पहिला प्रमुख झाला. पण तो कवीचा स्नेही. त्याची साक्ष मित्राची साक्ष म्हणूनच वाचावी.

पणजीच्या पुराभिलेख खात्यात थेट कामोंइशचं नाव शोधायला जाऊ नका. तो दप्तरखानाच कवीच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी सुरू झाला. तिथे त्याच्या मागची दुनिया कळते: जहाजं, नेमणुका, राजाची पत्रं. त्यासाठी नुसती आजची पोर्तुगीज पुरत नाही, जुनं वळण आणि शब्दांची काटछाट डोळ्यांत बसावी लागते. मोडी वाचलेल्यांना हे लवकर जमतं.

पहिल्याच प्रबंधाला सोळावं शतक झेपणार नसेल, तर मी तो पुतळाच सुचवेन. चौकातला पुतळा पुढे संग्रहालयात गेला, तो वाद विसाव्या शतकातला. त्यासाठी गोव्यातली मराठी वृत्तपत्रं चाळा. ती पोर्तुगीज अभ्यासकांपेक्षा तुम्हाला सहज वाचता येतील.