वाचनाआधी बोलणे: पहिलीच्या वर्गात या चुका टाळा

पहिलीतले मूल अक्षरे ओळखते, पण वाचलेल्या वाक्याचा अर्थ विचारला की गप्प बसते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून बाराखडीची उजळणी वाढवली जाते आणि पहिली चूक तिथेच होते. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडल्याप्रमाणे वाचून समजणे हा अक्षरे उलगडणे आणि बोलली जाणारी भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही.

गोव्यातील मराठी शाळांत येणारी अनेक मुले घरी कोकणी बोलतात. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुटीनंतर माटोळीविषयी, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगून केलेल्या सजावटीविषयी, विचारले आणि मूल उत्साहाने म्हणाले, "हांवें नाल्ल पळयलो", तर "असं नाही, मराठीत बोल" हे उत्तर त्याचे तोंड बंद करते, आणि एकदा मिटलेले तोंड उघडायला महिने लागतात हे मी जवळून पाहिले आहे. त्याऐवजी "हो का, तू नारळ पाहिलास? कुठे टांगला होता?" असे म्हणावे. मुलाचा आशय स्वीकारला जातो, मराठी शब्द आपसूक कानावर पडतो आणि बोलणेही पुढे सरकते. कोकणी हा अडथळा नाही, ती मुलाची शिदोरी आहे.

प्रश्न विचारून लगेच दुसऱ्या मुलाकडे वळणे हीदेखील चूकच. मेरी बड रो या शिक्षण-अभ्यासकांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असत. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढल्यावर उत्तरे लांबली. दोन भाषांतून शब्द शोधणाऱ्या मुलाला तर ही उसंत द्यायलाच हवी.

सर्वांत कमी लक्षात येणारी चूक ध्वनींच्या खेळात होते. "फणस" शब्दाच्या प्रत्येक उच्चारखंडाला एक टाळी वाजवायला सांगितले की शिक्षक तीन वाजवतात, कारण त्यांना डोळ्यांपुढे तीन अक्षरे दिसतात. मूल मात्र दोनच वाजवते, कारण उच्चारात शेवटचा "स" पूर्ण नसतो आणि कानाला फ-णस असेच ऐकू येते. येथे मूल बरोबर असते. तसेच "चमचा" आणि "चंद्र" एका गटात घालायला ते कचरले, तर त्याला दोन "च" वेगळे ऐकू आले आहेत. त्याला शाबासकी द्यावी आणि लिहिताना दोन्हींना एकच अक्षर वापरतात हे नंतर सांगावे.

रोजच्या खेळानंतरही काही आठवड्यांत यमक किंवा आरंभीचा ध्वनी ओळखता येत नसेल, तर मुलाला मंद ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घेण्याविषयी पालकांशी बोलावे, कारण वरचेवर होणाऱ्या सर्दीमुळेही लहान मुलांना कमी ऐकू येऊ शकते.