पुराच्या मदतीचा पंचनामा नीट कसा करून घ्यावा

पूर ओसरला की सल्ले सुरू होतात. आमदारांना निवेदन द्या, तहसीलवर मोर्चा न्या. तेही करा, पण आधी एक पक्कं समजून घ्या: तुम्हाला किती मदत मिळणार हे पंचनाम्याच्या कागदावर ठरतं, आणि तो कागद तुमच्याच दारात तयार होतो.

‘पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. लेकरंबाळं घेऊन चिखलात किती दिवस बसणार? आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडझड, आणि बाहेरून ओळखू येईल असं अख्खं घर. मग खुशाल साफसफाई करा. जनावर दगावलं असेल तर मात्र पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना, दोघांनाही कळवा.

आता खुद्द पंचनामा. मलाही सगळ्यात जड गेली ती हीच पायरी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात (पदांची नावं आता बदलली आहेत, माणसं तीच), त्यांना दिवसभरात अख्खी आळी उरकायची असते. घाईत एक शब्द चुकीचा पडला की रक्कम बदलते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या मदतीच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. राज्य शासन कधी दर वाढवतं, पण ‘पूर्ण’ की ‘अंशतः’ हा प्रश्न उरतोच. म्हणून भिंती उभ्या दिसत असल्या तरी पाया खचलाय, आढं मोडलंय, हे तोंडी सांगून थांबू नका. कागदावर लिहून घ्या.

शेतीचंही तसंच. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. त्याच निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये होते. म्हणून ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद) वेळेवर केलेली हवी आणि पंचनाम्यातलं पीक तिच्याशी जुळायला हवं. पिकाबरोबर मातीही खरडून गेली असेल तर त्याची नोंद वेगळी करायला सांगा. जमिनीच्या नुकसानीचा निकष वेगळा आहे.

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका, कोणी कितीही ओळखीचं असो. वाचून दाखवायला सांगा, सही केल्यावर पानाचा फोटो घ्या. त्यांना राग आला तर येऊ द्या. तुमचं घर किंवा शेत सुटलंच, तर त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावाच नाही.

पीक विमा वेगळा, त्याचा या पंचनाम्याशी गोंधळ घालू नका.

पुढचं सोपं. यादीत नाव आलं आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायला सांगितली, तर यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ती करा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा वारस नोंदीपायी: सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतो, नाहीतर जमिनीच्या सामाईक खात्यातला एक भाऊ संमतीपत्र देत नाही. वारस नोंदीला वेळ लागतो, हरकतीही येतात. ती पावसाळ्याआधीच उरकून घ्या.