सायकल दुरुस्तीचा धंदा शिकवताना

नागपुरात सायकल दुरुस्तीचा वर्ग सुरू करणाऱ्याने नव्या सायकली विकत घेऊ नयेत. भंगारातून चार-पाच जुन्या काळ्या सायकली आणि एखादी गिअरची सायकल आणावी, कारण ज्याला पुढे दुकान चालवायचे आहे, त्याच्या हाती गंजलेला नट आणि झिजलेला कोन (चाकाच्या आसावरचा, छर्रे धरून ठेवणारा शंकूसारखा भाग) पहिल्या दिवसापासूनच पडायला हवा.

सुरुवात पंक्चरपासून करावी, पण ते उरकून टाकू नये. घमेल्यातल्या पाण्यात छिद्र सापडले, की विद्यार्थी लगेच ठिगळाकडे वळतो. त्याला थांबवून टायरच्या आतून कापड फिरवायला लावावे, कारण शहराबाहेरच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे पुष्कळ आणि मोडलेले टोक आत राहिले, तर तेच गिऱ्हाईक संध्याकाळी तक्रार घेऊन परत येते. ट्यूब घासून त्यावर सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि कडेला बोट लावल्यावर ते चिकटेनासे झाले, की मगच ठिगळ दाबावे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, हे पाहता पाहता होते, पावसाळ्यात बराच वेळ लागतो. म्हणून मिनिटे पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

खरा कस लागतो तो चाकाची आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढताना, आणि वर्गाचा सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला सहसा ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. निम्म्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, उजव्या बाजूला, निम्म्या डाव्या. सायकल उलटी ठेवून रिमजवळ खडू स्थिर धरावा आणि चाक फिरवावे, म्हणजे रिम जिथे बाहेर येते तिथे खूण उमटते. खूण उजवीकडे असल्यास तेवढ्या भागातल्या डाव्या तारा कसाव्यात व उजव्या तितक्याच सैल कराव्यात, मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. निपल, म्हणजे तार रिमला धरून ठेवणारा छोटा नट, टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने कसते. हबच्या बाजूने पाहणाऱ्याला हीच दिशा उलटी दिसते आणि नवशिका हमखास तिथे फसतो. तो फसला तरी शिक्षकाने त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नये. सगळ्या शिक्षकांना हेच जड जाते!

हबमध्ये ग्रीस भरून छर्रे बसवल्यावर कोन इतकाच कसावा, की चाक आडवे हलणार नाही, पण वाल्व्हच्या वजनाने आपोआप फिरून खाली येऊन थांबेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे एकदा सांगितले की पुरे. चेनच्या २४ कड्या नव्या असताना १२ इंच भरतात; त्या सव्वाबारा इंचांकडे झुकल्या, तर चेनबरोबर फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्रही, तपासायला सांगावे.

हिशेबही वर्गातच शिकवावा. काम हाती घेण्याआधी मजुरी आणि सामानाची किंमत वेगवेगळी सांगायची आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवायचा, ही सवय दुकानात गेल्यावर लागत नाही.

परीक्षेसाठी शिक्षकाने एका सायकलीत तीन बिघाड गुपचूप करून ठेवावेत: कोन सैल, एक ब्रेक रिमला घासणारा, हँडल किंचित वाकडे. विद्यार्थ्याने ते न सांगता शोधावेत, दुरुस्त करावेत, खर्च सांगावा. आणि मग शिक्षकाने स्वतः त्या सायकलीवर बसून चक्कर मारून यावी.