मादी रॅटची लॉर्डोसिस चाचणी: आधी घड्याळ, मग मेंदू

नर पाठीवर चढल्यावर मादी पाठ वाकवून प्रतिसाद देते का, हे लॉर्डोसिस चाचणीत पाहतात. मादी नराला प्रतिसाद देत नाही म्हणून तिच्या मेंदूबद्दल काही ठरवण्याआधी इंजेक्शनची वही उघडा. बऱ्याचदा चूक तिथेच सापडते.

आचारसमितीची मंजुरी हातात असल्याशिवाय सुरुवात नको. अंडाशय काढल्यावर मादीला निदान एक आठवडा सावरू द्या. मग चाचणीच्या ४८ तास आधी १० मायक्रोग्रॅम एस्ट्रॅडिऑल बेंझोएट आणि ४ तास आधी ५०० मायक्रोग्रॅम प्रोजेस्टेरॉन, दोन्ही संप्रेरकं (हॉर्मोन्स) तिळाच्या तेलात, त्वचेखाली, ०.१ मिली. तेल घट्ट असतं. सुई झटकन ओढली तर थेंब केसांवर येतो आणि डोस अर्धवट राहतो. तेल सोडल्यावर सुई पाच-सहा सेकंद तशीच ठेवा.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या व्हेंट्रोमेडियल भागात प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर (ते पकडणारे रेणू) वाढवायचं काम एस्ट्रॅडिऑल करतं, आणि त्याला वेळ लागतो. पहिलं इंजेक्शन चुकलं की दुसरं वाया गेलंच म्हणा.

प्रकाशचक्र उलटं ठेवा. अंधार सकाळी १० ला सुरू होत असेल तर प्रोजेस्टेरॉन तेव्हाच द्या आणि दुपारी २ ला मंद लाल दिव्यात चाचणी घ्या. अनुभवी नराला पाच-दहा मिनिटं आधी पिंजऱ्यात सोडा. नवखा नर हुंगत फिरण्यातच वेळ घालवतो.

दहा माउंट (नराचं मादीवर चढणं) मोजा. लॉर्डोसिस म्हणजे पाठ खाली वाकते, डोकं आणि पार्श्वभाग वर उचलले जातात, शेपूट बाजूला होते. नराच्या पुढच्या पायांचा दाब मादीच्या कुशींवर पडतो, त्या स्पर्शाने ही प्रतिक्रिया उमटते. म्हणून डोक्याकडून चढलेला माउंट मोजणीत धरू नका. दहापैकी सात वेळा पाठ वाकली तर लॉर्डोसिस कोशंट (टक्केवारी) ७०. उड्या, अचानक धाव, कान थरथरवणं यांची नोंद वेगळी ठेवा. ती मादीची पुढाकाराची वर्तनं आहेत, प्रतिक्षेप नव्हे. दहा माउंट व्हायच्या आत वीर्यस्खलन झालं तर त्या नराची वाट पाहू नका, दुसरा नर आणा.

अंडाशय शाबूत असलेल्या माद्यांमध्ये रोज योनीचा स्मिअर (पेशींचा नमुना) पाहा. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले की प्रोएस्ट्रस, म्हणजे मादी समागमाला तयार होते तो चक्राचा टप्पा. त्याच दिवशी अंधार पडल्यावर चाचणी घ्या. ड्रॉपरचं टोक खोल घालू नका. गर्भाशयमुख उत्तेजित झालं तर आभासी गर्भधारणा होते आणि ४-५ दिवसांचं चक्र जवळपास दोन आठवडे अडकतं.

औषध तपासत असाल तर हालचालींची चाचणी वेगळी घ्या. सुस्तावलेली मादी आणि नकार देणारी मादी कोशंटच्या आकड्यात सारख्याच दिसतात.