वेबसाइट बनवून घेताय? शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एवढं तपासा

सोलापुरात आता चादर-टॉवेलवाले, शेंगा चटणीवाले सगळेच वेबसाइट करून घेतायत, चांगलंय. पण बनवणारा त्याच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर साइट दाखवतो, आपण "भारी झालीय की ओ" म्हणतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. गिऱ्हाईक बघणार ते साध्या मोबाइलवर, म्हणून तपासायची पण तिथंच.

पहिलं काम, गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स उघडा, साइटचा वेग तपासायचं टूल आहे, फुकट आहे, साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचाच रिझल्ट बघा, डेस्कटॉपचा आकडा दाखवून कोणी गंडवत असेल तर ऐकू नका. नवीन साइट असेल तर खऱ्या युजरचा डेटा दिसत नाही, मग खालची टेस्ट बघायची. एलसीपी म्हणजे पानावरची मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ, तो 2.5 सेकंदांच्या आत पाहिजे. सीएलएस 0.1 च्या आत, म्हणजे पान उड्या मारत नाही. तुम्ही 'ऑर्डर करा'वर बोट ठेवायला जाता आणि नेमका तेव्हाच वरचा फोटो लोड होऊन सगळं खाली सरकतं, बोट पडतं भलत्याच बटणावर, ते हेच. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहिली की बहुतेक वेळा हा त्रास जातो. तिसरा आयएनपी, टॅप केल्यावर 200 मिलिसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे, पण हा आकडा खऱ्या युजरच्या डेटातच येतो, तोवर स्वतः बटणं दाबून बघा.

साइट स्लो असली तर आधी फोटोंवर संशय घ्या. नक्षी नीट दिसावी म्हणून चादरीचा फोटो मोबाइलमधून काढून 5 एमबीचा तसाच चढवतात, तो वेबपी फॉरमॅटमध्ये 150-200 केबीत आरामात बसतो आणि मोबाइलवर फरक कळत पण नाही.

आता मराठीचं, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडं मजकूर येतो पत्रिका-फ्लेक्सवाल्याकडून, तो टाइप केलेला असतो जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची पद्धत), साइटवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. मग काही जण त्याचा जेपीजी, म्हणजे फोटो करून चिकटवतात, दिसायला मराठी पण गूगल सर्चला त्याचा काही उपयोग नाही. टेस्ट सोपीय, साइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा, जशीच्या तशी मराठी आली तर युनिकोड आहे, आलीच नाही किंवा कचरा आला तर परत करायला लावा. ओळींमधलं अंतर पण बघा, इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलं की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. आणि पान मराठी आहे हे कोडमध्ये भाषेच्या टॅगनं सांगितलेलं पाहिजे, नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी इंग्रजी उच्चारात वाचायला जातं.

रंगांचं पण स्टँडर्ड आहे, डब्ल्यूसीएजी म्हणतात. साधा मजकूर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडद फरक, कमीत कमी 4.5 ला 1. फिकट राखाडी अक्षरं एसीत बसून छान वाटतात, पण मे महिन्यात दुपारी रस्त्यावर उभं राहून ती साइट वाचून दाखवा बरं! फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ, पण लिहून घ्या, 'लाल जेकार्ड चादर, 60 बाय 90 इंच' असं. फाइलचं नाव चालत नाही.

बाकी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित कनेक्शन, पाहिजेच, फोन नंबरवर टॅप केलं की कॉल लागला पाहिजे, फॉर्म भरला की मेल खरंच येतोय का ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून बघा.

हे सगळे आकडे कोटेशनमध्येच लिहून घ्या, काम झाल्यावर सांगितलं तर "त्याचे वेगळे पडतील" ऐकायला मिळतं. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर रजिस्टर करा, बनवणारा घरातला भाचा असला तरी.