इटालियन सुरुवातीत पांढरा घोडा जी-५ वर आला, तर

विदर्भातल्या एखाद्या गावच्या पारावर देशी नियमांनी, म्हणजे प्याद्याने पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे अशा पद्धतीने, बुद्धिबळ शिकलेले मूल शाळेतर्फे तालुक्याच्या स्पर्धेत उतरते, तेव्हा काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याची फजिती बहुधा एफ-७ या घरावर होते (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच आणि त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८, यावरून घराचे नाव पडते). डावाच्या आरंभी तिथल्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाही जोर नसतो.

दोघांनी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले, पांढऱ्याने घोडा एफ-३ वर, काळ्याने सी-६ वर काढला आणि पांढरा उंट सी-४ वर आला, की इटालियन सुरुवात झाली. येथे काळ्याने दुसरा घोडा एफ-६ वर काढल्यास त्याच्याच वजिराची जी-५ कडे जाणारी तिरपी वाट बंद होते आणि नेमका त्याच घरात पांढरा घोडा येऊन बसतो. एफ-७ वर आता उंट व घोडा दोघांचा मारा असतो. डी-५ वर प्यादे टाकून उंटाला अडवावे. पांढरा ते प्याद्याने मारेल.

डाव बिघडतो तो यानंतर. फुकट दिसणारे ते प्यादे घोड्याने मारल्यास पांढरा घोडा एफ-७ वर पडून वजीर व हत्ती दोघांवर एकदम मारा करतो, राजाला तो घोडा मारावा लागतो आणि पांढरा वजीर एफ-३ वरून शह देतो. डी-५ वरचा घोडा वाचवायचा, तर राजाला ई-६ पर्यंत उघड्यावर चालत जावे लागते. जाणकार तेथूनही तग धरतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी, इटलीच्या पोलेरिओ या जुन्या बुद्धिबळपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावाप्रमाणे, सी-६ वरचा घोडा ए-५ वर नेऊन उंटावर मारा करावा. उंट बी-५ वरून शह देईल. तेव्हा सी-६ वर प्यादे टाकावे आणि पांढऱ्याने ते मारताच बी-प्याद्याने परत मारावे. उंट ई-२ वर हटला, तर एच-६ वर प्यादे टाकून घोड्याला हाकलावे व तो एफ-३ वर परतला, की ई-प्यादे पुढे ढकलावे. एक प्यादे कमी पडते खरे, परंतु पांढऱ्याच्या चाली माघारीत जातात आणि काळी मोहरी मोकळी होतात. कडेला पडलेला ए-५ चा घोडा मात्र वेळेवर परत आणावा.

एवढी कटकट नको असेल, तर आरंभीच एफ-६ च्या घोड्याऐवजी उंट सी-५ वर काढावा. मग जी-५ वर आलेला घोडा वजिराला आयता मिळतो.

कापसाची वेचणी सुरू झाली, की गावात सोबती मिळणे कठीण. अशा दिवसांत दोन्ही बाजू स्वतःच खेळून या चाली पटावर बसवाव्यात.